कांदाचाळीतले फ्रिज

बन्सीआण्णाचा फ्रिज घरातून निघाला तेव्हा लंकाबाई जेवढी रडली, तेवढी थोरली लेक नांदायला निघाली तेव्हाही रडली नव्हती. लेकीचं बरं असतं, ती दिवाळीला परत येते. फ्रिजचं कुणी सांगावं?

"आवं, सरकार काय आपल्या फ्रिजातलं दही खायाला येतंय व्हय?" पदरानं नाक पुसत ती म्हणाली.

"तू गप गं. वाल्मिक, खालनं धर. आरं आडवा नको करू, दुकानवाल्यानं सांगितलंय आडवा न्हाई करायचा!"

"आण्णा, दारातनं उभा निघत न्हाई." वाल्मिक म्हणजे थोरला पोरगा. टेम्पो चालवतो. वजन उचलायची सवय होती, पण बापाचं ऐकत वजन उचलायची सवय नव्हती.

"मंग आला कसा?"

"आला तवा चौकट काढली हुती तुमी."

हे खरं होतं. त्या दिवशी फ्रिजला हार घालून, नारळ फोडून आत घेतला होता. आज तो तिरका होऊन, पोटात गुडगुडत, ताडपत्री पांघरून कांदाचाळीकडं चालता झाला. दार उघडू नये म्हणून वाल्मिकनं त्याच्या पोटावरून दोरखंड आवळला आणि बैल बांधतात तशी गाठ मारली. गाठ अशी, की बैलानंही हात जोडावेत.

कारण काय, तर जनगणना. शेजारचा आदिनाथ शेवगावच्या स्टँडवर उसाचा रस पीत उभा होता, तिथं त्यानं ऐकलं: ज्याच्या घरात फ्रिज सापडंल, त्याचं घरकुलाच्या यादीतलं नाव कट. कुणी सांगितलं? एका माणसानं. कोण माणूस? पांढऱ्या शर्टातला. झालं! पांढरा शर्ट म्हणजे सरकार, यावर वस्तीचा पक्का विश्वास. संध्याकाळपर्यंत घराघरात फ्रिजचे प्लग निघाले. ठेवायचे कुठं, हा प्रश्न उरला. बन्सीआण्णाची कांदाचाळ सगळ्यात लांब, आणि निम्मा कांदा विकून झालेला. मग काय, एका मागं एक वरात निघाली. आदिनाथचा लाल, त्याच्या आईचा, म्हणजे बनुबाईचा, फुलाफुलांचा, कुणाचा दोन दारांचा. बन्सीआण्णा चाळीच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभा, जसा काही बँकेच्या लॉकरचा साहेब.

"पावती देतो का रं बन्सी?" बनुबाईनं विचारलं.

"म्हातारे, माझा शब्द हीच पावती."

"म्हंजी न्हाईच म्हन की."

आता बन्सीआण्णाला घरकुल कशाला, त्याला तर स्लॅबचं घर आहे, असं कुणीही म्हणेल. ते घरकुल धाकट्यासाठी होतं, कल्याणसाठी. कल्याणचं वय एकतीस, गोठ्यात सहा गाया, डेअरीत दूध पहिल्या नंबरचं, आणि बायको नाही. स्थळं आली आणि गेली. एकीला नोकरीवाला हवा होता, एकीला पुण्यात फ्लॅट हवा होता, एकीच्या मामानं तर गोठ्याच्या वासानं चहाच प्याला नाही. शेवटच्या स्थळानं नकार देताना स्पष्ट सांगितलं, की दोन भावांचा एकत्र बारदाना आहे, पोराच्या स्वतःच्या दोन खोल्या असत्या तर विचार केला असता. ते वाक्य बन्सीआण्णाच्या डोक्यात बसलं. घरकुल झालं की खोल्या झाल्या, खोल्या झाल्या की सून आली. आणि या सगळ्याच्या मध्ये उभा कोण? फ्रिज.

हे गणित घरात लंकाबाईशिवाय आणखी एका माणसाला पटलं नव्हतं. थोरली सून पंकजा.

पंकजाचं आणि सासूचं बोलणं ग्रामपंचायतीच्या इलेक्शनपासून मोजकंच होतं. दोघींनी वेगळ्या बटणाला मत दिलं होतं, आणि दोघींची माणसं पडली होती, म्हणून राग जास्तच. पण आज फ्रिजच्या रिकाम्या जागेपाशी दोघी एकत्र उभ्या राहिल्या. खाली प्लॅस्टिकचं स्टँड तेवढं राहिलं होतं, चार पायांचं, बिचारं.

"आत्याबाई, परवा निकिताच्या घरचे यायचेत," पंकजा म्हणाली. "माझ्या मावशीच्या नात्यातलं स्थळ. मी फोनवर सांगून बसलीय, की घरात सगळं आहे, फ्रिज आहे. आता मी काय दाखवू, हे स्टँड?"

"मी सांगते त्यास्नी. उद्याच्याला आनून ठेवा म्हनते."

"उद्याच्याला म्हणजे उद्याच बरं का."

"व्हय गं बाई. तू आन् मी मिळून सांगू. बघू कसा न्हाई म्हनतोय."

इलेक्शननंतरची ही पहिली युती. ती दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत सुद्धा टिकायची गरज पडली नाही, कारण त्याआधीच दारात गाडी उभी राहिली.

*

निकिताचा बाप रामहरी श्रीरामपूरकडचा बागाईतदार. गाय घ्यायची तर ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी जाऊन उभं राहायचं, ही त्याची जुनी खोड. विकणारा ठरल्या दिवशी दूध काढत नाही, कास टम्म दिसायला ठेवतो. आदल्या दिवशी गेलं की गाय जशी आहे तशी दिसते.

"आणि माणसं?" गाडीत निकितानं विचारलं होतं. ती श्रीरामपुरात मेडिकलच्या दुकानात कामाला. डी. फार्म झालेली, डॉक्टरांचं अक्षर वाचणारी, म्हणजे तिच्यापासून काही लपवणं अवघडच.

"मान्सं बी तशीच. उद्या गेलो असतो तर चादरी नव्या दिसल्या असत्या."

"पप्पा, पण कळवायचं तरी."

"कळवलं की कास तुंबली!"

नेवासा मागं पडला, ऊस मागं पडला, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूला बाभळी आणि नांगरलेली कोरडी ढेकळं सुरू झाली तसा रामहरीचा चेहरा लांब होत गेला. निकिता मात्र काच खाली करून बघत होती. तिला इथं एकही मेडिकलचं दुकान दिसलं नव्हतं, हे तिनं मनात टिपून ठेवलं. इथं एखादं चांगलं चालेल, हे बापाला सांगितलं नाही.

*

"पाव्हनं आलं!" वाल्मिक टेम्पोवरून ओरडला. घरात जे झालं ते सांगण्यासारखं नाही, तरी सांगतो. बन्सीआण्णा बनियनवर होता, तो शर्ट शोधायला आत पळाला आणि वाल्मिकचा घालून बाहेर आला. पंकजानं चादर बदलली. आणि लंकाबाईनं काय केलं? तिनं दारावरच्या खुंटीचा कोयता काढला आणि पिठाच्या डब्यामागं कोंबला.

तो कोयता उसाचा. कल्याणच्या गाया दुभत्या होईपर्यंत हे घर दर दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचं. आणि जायचं कुठं, तर श्रीरामपूरकडंच. लंकाबाईनं उसाच्या पाचटाच्या कोपीत, खोपटातच, संसार केला होता, उघड्यावर तीन दगडांवर भाकरी थापल्या होत्या. कोपीत गार पाणी म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली. म्हणून तर फ्रिज आला तेव्हा ती त्याच्यापुढं नुसतीच उभी राहिली होती, दार उघडून, लाईट लागतोय, बंद होतोय बघत. आणि आता ज्यांच्या शिवारात ऊस तोडला, त्यांचीच लेक मागायची! पाव्हण्याला कोयता दिसला तर?

म्हणजे बघा, नवऱ्यानं श्रीमंती लपवली आणि बायकोनं गरिबी. दोघांचा हेतू एकच.

"या या, बसा," बन्सीआण्णा म्हणाला. "उद्या यायाचं हुतं न्हवं?"

"हिकडं काम निघालं," रामहरी सहज म्हणाला, आणि डोळे घरभर फिरवले. टीव्ही आहे. पंखा आहे. कोपऱ्यात फ्रिजचं स्टँड आहे. स्टँडवर फ्रिज नाही.

पंकजानं माठातलं पाणी आणलं. रामहरीनं तांब्या हातात धरून विचारलं, "पंकजाताई, तुमी फोनवर फ्रिज म्हनला हुता."

पंकजानं सासऱ्याकडं बघितलं. सासऱ्यानं छताकडं बघितलं.

"दुरुस्तीला दिलाय," छताला उद्देशून बन्सीआण्णा म्हणाला.

"काय झालं त्याला?"

"गार करत न्हवता."

"गरम करत हुता," वाल्मिकनं बापाला मदत केली.

रामहरी हसला नाही. फायनान्सवाल्यानं ओढून नेला असणार, असं त्यानं मनात लिहून टाकलं. निकिता स्टँडकडं बघत होती. स्टँडभोवती फरशीवर धुळीचा ताजा चौकोन होता, आणि चौकोनातून दारापर्यंत ओढल्याच्या दोन रेघा गेल्या होत्या. दुरुस्तीवाला फ्रिज असा घाईघाईत ओढून नेत नाही.

कल्याण तेवढ्यात गोठ्यातून आला. हातपाय धुतलेले, पण शर्टाला वैरणीचं पान चिकटलेलं. निकिताला बघून तो जागीच थांबला. कुणीतरी एक दिवस आधी येईल असं त्याच्या आयुष्यात आजवर झालं नव्हतं, सगळे उशिराच आले होते.

"नमस्कार," तो म्हणाला. आणि पुढं काही सुचेना म्हणून, "गाया बघता का?"

पंकजानं कपाळाला हात लावला. पण रामहरी उठून उभा राहिला. गाया बघायलाच तर तो आला होता.

*

पाव्हणे गोठ्याकडं गेले आणि पुढच्या दारानं वैजनाथ सर आत आले. पाथर्डीकडचे, झेडपीच्या शाळेत शिकवणारे, आज जनगणनेला निघालेले. उन्हानं तांबडे झालेले, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल, आणि शर्ट पांढरा. बन्सीआण्णानं आधी शर्टाला नमस्कार केला.

"बसा सर. खुर्ची..." खुर्च्या सगळ्या पाव्हण्यांच्या मागं गोठ्याकडं गेल्या होत्या. सरांनी आपण होऊनच फ्रिजचं स्टँड पुढं ओढलं आणि त्यावर बसले.

"या वस्तीवर हे एक बरं आहे," घाम पुसत ते म्हणाले. "घरोघरी बसायला स्टुलं आहेत, सगळी एकसारखी. चाकंसुद्धा आहेत."

लंकाबाईला ठसका लागला.

सरांनी सुरुवात केली. फरशी कशाची, भिंती कशाच्या, छत कशाचं. बन्सीआण्णा घरकुलाच्या धोरणानं उत्तरं देऊ लागला. "छत आसं बघाया गेलं तर सिमेटाचं, पर गळतंय."

"गळतं का ते विचारलं नाही. खोल्या किती?"

"चार. पर बारक्या."

"बारक्या-मोठ्या नाही विचारलं, काका. घरात विवाहित जोडपी किती?"

"दोन," बन्सीआण्णा म्हणाला.

"तीन लिवा," लंकाबाई म्हणाली.

"तीन कुठली गं?"

"आवं तिसरं गोठ्यात गेलंय की आत्ता."

"आगं त्यांचं अजून..."

"आण्णा, लिवू द्या तीन, काय जातंय," वाल्मिक.

"खोटं लिहायचं का मी?" सर म्हणाले. "तुमचं ठरू द्या. मी याच्यावर परत येतो. पाणी कुठलं पिता?"

पाणी, वीज, संडास, गॅस. एकेक प्रश्न पुढं सरकत होता आणि प्रत्येक प्रश्नाबरोबर बन्सीआण्णाला वाटत होतं, आता आला, आता आला फ्रिज. रेडिओ? नाही. टीव्ही? हो. बन्सीआण्णानं डोळे मिटले. आता.

*

गोठ्यात रामहरीला बोट ठेवायला जागा सापडेना. गाया स्वच्छ, गव्हाणी स्वच्छ, एका कालवडीनं त्याचा सदरा चघळून बघितला तोही मायेनं. त्याचा राग वाढत चालला. एवढं चांगलं आहे, मग फ्रिज कुठं गेला?

"कांदा किती निघाला औंदा?" त्यानं विचारलं.

"बरा निघाला. निम्मा इकला, निम्मा चाळीत हाय."

"मंग चाळ दावा की."

कल्याणनं मान वळवून घराकडं बघितलं. शेतकऱ्यानं शेतकऱ्याच्या घरी जाऊन चाळ बघायची नाही तर काय बघायचं? नाही म्हणता येईना. तो चालत चालत चाळीपाशी गेला आणि तोंडाशी उभा राहिला.

निकितानं हळूच विचारलं, "तुम्ही सांगा. फ्रिज आहे का नाही?"

एवढ्या नकारांत कल्याण एक गोष्ट शिकला होता. खोटं सांगून आलेला होकार मोडतो तेव्हा दुप्पट लागतो. मागं एकदा मध्यस्थानं त्याला न विचारता पुण्यात कंपनीत आहे म्हणून सांगितलं होतं, ते उघडं पडलं तेव्हा तोच खोटारडा ठरला होता.

"हाय," तो म्हणाला. "आतच हाय." आणि त्यानं ताडपत्री ओढली.

आठ फ्रिज. लाल, निळे, फुलांचे, एक दोन दारांचा, दोरखंडानं बांधलेले, कांद्याच्या ढिगाला टेकून, जसे काही बस चुकलेले पाव्हणे.

रामहरीनं एका फ्रिजवर बोटानं टकटक करून बघितलं. "पाव्हनं," तो शेवटी म्हणाला, "तुमी कांदा फ्रिजात ठिवता?"

कल्याणनं सगळं सांगितलं. रसाचा गाडा, पांढरा शर्ट, घरकुल, खोल्या. "आण्णांनी माझ्यासाठीच केलं हे. तुमाला दुरुस्तीला दिला म्हनले, ते खोटं. तुमी आता निघाला तरी मी काय म्हननार न्हाई."

निकितानं ओठ दाबून धरले होते. हसू गालांतून बाहेर यायला बघत होतं. "पण पंकजाताई सांगत होती, तुमच्या फ्रिजात निम्मी गायांची औषधं असतात. लस असते म्हणाली. ती कुठंय? ही अशी उन्हात?"

"न्हाई न्हाई!" कल्याण पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. "ती मी प्लग काढायच्या आधीच बर्फात घालून डेअरीच्या फ्रिजात ठिवून आलो. वस्तीवरच्या सगळ्या गायांची लस हाय ती. फ्रिज न्यायचा तर न्या म्हनलं, लस गरम झाली की गेली."

निकिता हसायची थांबली. तिच्या दुकानात शिकलेली माणसंसुद्धा इन्शुलिन खिशात घालून एसटीनं गावाला घेऊन जातात. तिनं कल्याणकडं नीट बघितलं, शर्टाला चिकटलेल्या पानासकट. मग हात पुढं करून ते पान काढलं.

रामहरीनं हे बघितलं नाही. तो ताडताड घराकडं निघाला होता.

*

"आठ!" दारातूनच तो गरजला. "आठ फ्रिज हायेत चाळीत! आन् मला म्हनता दुरुस्तीला दिलाय?"

बन्सीआण्णा उठून उभा राहिला. पांढरा शर्ट समोर, पाव्हणा मागं. घरकुल आणि सून एकाच दारातून निघून चालली होती. त्यानं सरांचे पायच धरायचे बाकी ठेवले.

"सर, ते समदे माझं न्हाईत हो! माझा येकच! तो बी बारका! तुमी लिवा काय लिवायचं ते, पर पोराचं नाव यादीतनं काढू नका!"

"कसली यादी?"

"घरकुलाची. फ्रिज सापडला की कट म्हनं..."

वैजनाथ सरांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, वर सरकवला, खाली सरकवला. "काका, रेडिओ आहे, टीव्ही आहे, इंटरनेट आहे, मोटारसायकल आहे, चारचाकी आहे." त्यांनी मान वर केली. "फ्रिजचा प्रश्नच नाही याच्यात."

लंकाबाईनं पुढं होऊन मोबाईलमध्येच डोकावून बघितलं.

"न्हाईच?" बन्सीआण्णा.

"नाहीच. आणि हे सांगितलेलं गुप्त असतं, घरकुलाच्या यादीशी याचा काही संबंध नाही. हे मी पहिल्या घरापासून सांगतोय, पण..." सर थांबले. त्यांनी हळूच खाली, आपल्या बुडाखालच्या स्टँडकडं बघितलं. मग सकाळपासून ज्यांच्यावर बसले ती सगळी स्टुलं त्यांना एकदम आठवली. आणि तो तापलेला, दमलेला माणूस खदाखदा हसायला लागला, ते स्टँडच्या चाकांवरून गडगडत भिंतीपर्यंत गेला.

पहिली हसली पंकजा. मग लंकाबाई, सुनेच्या खांद्यावर डोकं टेकून. इलेक्शन तिथंच संपलं.

हसला नाही एकटा रामहरी. "हसायचं काय त्यात? सरकारशी खोटं, पाव्हन्याशी खोटं. आसल्या घरात लेक..."

"पप्पा," मागून निकिता म्हणाली. गोड आवाजात. "आपलं वॉशिंग मशीन सध्या कुठंय?"

रामहरीच्या मिशा खाली आल्या.

"सांगा की. घरात तर नाही दिसत आठवडाभर."

"ते... तुज्या मामाकडं."

"मामाकडं कुठं?"

"गोठ्यात," रामहरी पुटपुटला. "आमच्याकडं फ्रिजचं न्हाई, वॉशिंग मशीनचं म्हनत हुते."

आता मात्र भिंतींनीही ऐकून घेतलं नसतं एवढा गलका झाला. बन्सीआण्णानं येऊन रामहरीला मिठीच मारली. एक दिवस आधी येऊन दुसऱ्याची कास बघणाऱ्याची स्वतःची कास अशी उघडी पडली होती.

*

बातमी वस्तीवर गेली आणि माणसं चाळीकडं धावली. आदिनाथला जो तो हाक मारून विचारत होता, आज रस कुठला पिलास म्हणून. बनुबाईनं तर आपला फ्रिज उघडूनच दाखवला. आत पाण्याची एक बाटली नव्हती. तिथं होती दोन इरकली लुगडी, गुडघ्याचं तेल आणि बाजरीचं पीठ.

"लाईट आसतीय कवा?" ती म्हणाली. "पर उंदीर शिरत न्हाई. कपाट म्हनून लई झ्याक हाय बग."

फ्रिज उचलायला रामहरीनं सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या. दोन व्याही, अजून न झालेले, एकाच फ्रिजच्या दोन टोकांना.

"आडवा नको करू पाव्हनं, दुकानवाल्यानं..."

"उभा शिरंना चौकटीतनं!"

"तिरका करा, तिरका! कालचा सराव हाय आमचा!"

फ्रिज स्टँडवर जाऊन बसला. सर ओट्यावर सरकले. बन्सीआण्णा आता प्रत्येक प्रश्नाला खुल्या गळ्यानं "हाय!" म्हणत होता, जे विचारलं नाही त्यालाही. "मिक्सर बी हाय, लिवा!"

"घरात मुख्य धान्य कोणतं खाता?"

लंकाबाईच्या मनात गहू होता. बागाईतदार पाव्हणा पुढं बसलेला, गव्हाची पोळी सांगावी, मान राहील. तिनं तोंड उघडलं आणि समोर स्टँडवर फ्रिज दिसला. किती लपवायचं माणसानं?

"बाजरी," ती म्हणाली. मग रामहरीकडं वळली. "आन् पाव्हनं, तुमाला बी सांगते, नंतर कुनाकडनं कळाया नको. तुमच्याच शिवारात कोपी हुती आमची. पाटाच्या कडंला. ऊस तोडलाय मी तिथं."

रामहरीनं फ्रिजवरची नजर काढून तिच्याकडं बघितलं.

"पाटाच्या कडंला," तो म्हणाला. "तिथनं सांच्याला बाजरीच्या भाकरीचा वास यायाचा. आमची आई गव्हाच्या पोळ्या दिऊन त्या भाकरी घ्यायाची कोपीवरनं. म्या खाल्ल्यात." मग खाकरून म्हणाला, "आज मिळतीय का?"

"न मिळाया काय झालं!" लंकाबाईनं डोळे पुसले आणि पंकजा परात घ्यायला धावली.

वैजनाथ सर मोबाईल बंद करणार तेवढ्यात थांबले. "एक राहिलंय. विवाहित जोडपी. दोन का तीन?"

सगळ्यांनी बन्सीआण्णाकडं बघितलं. लंकाबाईनं तीन बोटं दाखवली. वाल्मिकनं मान हलवली. कल्याण खाली बघत होता.

"दोन," बन्सीआण्णा म्हणाला. "खरं हाय तेच लिवा. आजचं दोनच."

रामहरीनं लेकीकडं बघितलं. लेक फ्रिजला टेकून उभी होती.

"सर, माणसं मोजायला तुम्ही परत कधी येणार?" तिनं विचारलं.

"फेब्रुवारीत. आत्ता फक्त घरं मोजतोय."

"मग आता दोनच लिहा. तेव्हा एक वाढवा."

कुणाला आधी कळलं ते सांगता येणार नाही, पण रामहरीनं तोंड उघडलं ते ठासूनच. "पाव्हनं, मंग मुहूर्त जानेवारीच्या आतला काढाया लागंल. सर यायाच्या आधी. सरकारशी आता खोटं नको."

"साखर आणा! तोंड गोड करा!" बन्सीआण्णा ओरडला.

साखर! मुंग्या होतात म्हणून लंकाबाई साखरेचा डबा फ्रिजात ठेवते, आणि कालच्या घाईत तो आतच राहिला होता. आणि फ्रिजच्या पोटावर अजून वाल्मिकचा दोरखंड होता. वाल्मिकनं गाठ सोडायला घेतली. सुटेना. बन्सीआण्णानं दात लावले. रामहरीनं एक टोक ओढलं, गाठ आणखी आवळली.

"आरं कापा की ती!" बनुबाई दारातून.

"कशानं?"

लंकाबाईनं एकदा पिठाच्या डब्याकडं बघितलं. मग वाकली, मागं हात घातला आणि कोयता बाहेर काढला. पीठ झटकलं. पाव्हण्यांच्या देखत, सगळ्या वस्तीच्या देखत तो कल्याणच्या हातात दिला.

एकाच घावात दोरखंड तुटला. दार उघडलं, आणि पंकजानं प्लग लावला तसा आतला दिवा लागला.